पाडव्याच्या ताटातलं पुडिंग

आमच्या घरात नैवेद्याची चव आधी बघायची नाही, हा नियम माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्या गावात, न्हावऱ्यात, बऱ्याच घरच्या सुना तसंच म्हणतात. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं, पुरणातला गूळ अंदाजानं. देवाला दाखवून होईपर्यंत जिभेला काही लावायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मी कढीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला, तर आत्यांनी सगळी कढी म्हशीच्या घमेल्यात ओतली आणि मला परत करायला लावली. माझ्या माहेरी, खुटबावला, असलं काही नव्हतं. आई चुलीवरच दहादा चव बघायची. तेव्हापासून मी अंदाजानं रांधते आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगते, कारण या घरात दुसरं कुणी सांगणार नाही.

पूर्वी एक माणूस सांगायचा. मामा. त्यांना खाण्यातलं कळायचं. लग्नात ते मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसायचे, का तर मागं कुणी ताटकळत उभं नसतं आणि सावकाश जेवता येतं. आमटीत खोबरं भाजून घातलंय की कच्चं, हे पहिल्या भुरक्याला सांगायचे. मी नवी सून म्हणून पहिला स्वयंपाक केला तेव्हा सगळे मान खाली घालून जेवले, आणि मामा म्हणाले की मीठ चिमूटभर कमी पडलंय, बाकी आता घर तुझं. त्या एका वाक्यावर मी या घरात टिकले असं मला अजून वाटतं.

त्या मामांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू, दुसरं काय असणार. गालातली गाठ काढली, मग पुण्याला नेऊन शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. होळीच्या सुमाराला शेक संपला, डॉक्टर म्हणाले आजार गेला, आणि आम्ही गावात पेढे वाटले. पण आजार जाताना तोंडाची चव घेऊन गेला. थुंकी आटली ती आटलीच. मामा घास तोंडात घ्यायचे, इकडून तिकडं फिरवायचे आणि पाण्याबरोबर ढकलायचे. माती हाय, म्हणायचे. खीर दिली तरी माती, शिरा दिला तरी माती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की चव येईल परत, कधी ते सांगता येत नाही. आम्ही दूध, केळं, पेज, साखरभात असलं मऊ आणि गोडगोड पुढं करत राहिलो. मामा जेवणवेळ झाली की उठून गोठ्यात जाऊन बसायला लागले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लटकायचा.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि सांगितलं की तोंडानं जेवण होत नसेल तर पोटाला भोक पाडून नळी बसवू. नळी म्हणजे काय ते मामांना ठाऊक होतं. ऑपरेशननंतर नाकातून घातलेली एक त्यांनी सोसली होती. ती होती तोवर ते कुणाशी बोलले नाहीत, कुणी भेटायला आलं की भिंतीकडं तोंड करून पडायचे, आणि एकदा झोपेत ओढून काढली तेव्हा उशी रक्तानं भरली.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं. तिला कोरेगाव भीमाला दिलेली. माझ्या नवऱ्याहून मोठी, म्हणून मी तिला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. आमचं पटत नाही. त्या सगळं ठरवून करणार, मी तापट. पण वडिलांसाठी, त्यांच्या आबांसाठी, वन्संनी दवाखान्याच्या जेवढ्या खेपा घातल्या तेवढ्या आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून घातल्या नसतील. डॉक्टरांसमोर आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो, आणि वन्संनी नळीसाठी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख ठरवूनही टाकली.

घरी आल्यावर मी म्हशीला वैरण टाकत होते तिथं मामा आले आणि दावं हातात घेऊन उगाच उलटंसुलटं करत राहिले.

“नळी नको गं मला,” ते म्हणाले. “त्यापरीस असंच जाऊ दे.”

असंच म्हणजे कसं, ते मला कळलं. मला राग आला. मामांचा, डॉक्टरांचा, त्या मेल्या तंबाखूचा. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्या बाया रडतात तिथं मी चिडते. त्याच तिरमिरीत मी वन्संना फोन लावला आणि तारीख पुढं ढकला म्हणून भांडले. ढकलून काय करू, उपाशी ठेवू का, असं त्यांनी विचारलं. शब्दानं शब्द वाढला. शेवटी तोडगा त्यांनीच काढला.

“पाडव्याला मी येतीय,” त्या म्हणाल्या. “एक वाटी, भरून, माझ्यासमोर आबांनी खाल्ली तर मी दवाखान्यात फोन करते, नळी राहू द्या म्हणून. न्हाई खाल्ली, तर भाऊबीज झाली की गाडी दारात.”

ठरलं, म्हणाले मी. होळीपासून मामांनी कशाचीच अख्खी वाटी संपवली नव्हती.

काय करावं, हा प्रश्न मला चार दिवस छळत होता. करंजी, लाडू, शंकरपाळी सगळं कोरडं; थुंकीच नाही तर चावणार कशी. तेव्हा मला दौंडची गोष्ट आठवली. तरुणपणी मामा काही वर्षं दौंडला चुलत्याकडं राहून रेल्वे कॉलनीत दूध घालायचे. तिथं एका गार्डाची बायको नाताळात त्यांना बशीभर पुडिंग द्यायची. भट्टीत भाजलेलं, वरून तांबूस, आत मऊ, मधे फळाच्या फोडी. चमचा लावला की थरथरायचं, असं सांगताना मामा हाताचा पंजा हलवून दाखवायचे. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढं आलं की ही गोष्ट ठरलेली. आत्या म्हणायच्या, माझ्या करंज्या खाताना बरी परक्या बाईची बशी आठवते. त्या वर्षी मामांनी ती गोष्ट सांगितली नव्हती. घरात फराळ होता आणि गोष्ट नव्हती, हे मला फार लागलं.

मोबाईलवर बघितलं तर पुडिंगला अंडी. पाडव्याच्या नैवेद्यात अंडं म्हणजे आत्यांनी मलाच घमेल्यात ओतलं असतं. मग मी माझं डोकं चालवलं. अंड्याऐवजी चक्का घेतला, दूध साखर घालून रबडीसारखं आटवलं, दोन्ही एकत्र फेटलं. ओव्हन आमच्याकडं नाही. परसातल्या चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, तळाला पाणी, पाण्यात पुडिंगचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर बाभळीचे निखारे. आधी एकदा केळं घालून करून बघितलं. थरथरलं. माझ्या मालकांनी भांडं चाटूनपुसून ठेवलं. मामांना ते दिलंच नाही. एकदा नाही आवडलं की पुन्हा तोंड उघडणार नाहीत, म्हणून सगळी आशा पाडव्यावर ठेवली.

पाडव्याला केळं नको वाटलं. केळं तर त्यांना रोजच कोंबत होतो. माझ्या भावानं खुटबावहून सीताफळं पाठवली होती, गव्हाच्या कोठीत ठेवून ती बरोबर पाडव्याला पिकली. मामांचं हे सगळ्यात आवडतं फळ. बसल्या बसल्या टोपलीभर खायचे आणि बियांचा ढीग बघून स्वतःच हसायचे.

सकाळी पडवीत परात घेऊन मी बिया काढायला बसले. आता, सीताफळाची बी चोखल्याशिवाय काढून बघा. कोपरापर्यंत गर, बोटं चिकट, वास असा की तोंडाला पाणी सुटतं, आणि बोट चाटायचं नाही. आत्या समोर वाती वळत बसल्या होत्या. त्यांचं वातींकडं कमी आणि माझ्या तोंडाकडं जास्त लक्ष होतं. गर मी मिक्सरला लावला नाही, कारण बी फुटली की कडवटपणा येतो हे मला ठाऊक होतं. आणखी एक ठाऊक होतं, की सीताफळाच्या बासुंदीत गर घालायचा तो दूध गार झाल्यावर. का, तर गरम दुधात फळ पडलं की दूध फाटतं, असं मी धरून चालले होते. कुणी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. इथं तर चक्काच होता, फाटायचा प्रश्न नव्हता. सगळा गर मी भांड्यात ओतला, एक चमचासुद्धा मागं ठेवला नाही.

दुपार कलल्यावर भांडं चुलीवर चढवलं. जाळ मोठा झाला तर पाणी उसळून आत जाणार, मंद झाला तर पुडिंग धरणार नाही. मी चुलीपुढून हलले नाही. झाकणावरचे निखारे विझत आले की नवे ठेवायचे, राख फुंकायची नाही, आत उडते. बाहेर मालक पणत्या मांडत होते, शेजारच्या घरी फटाके चालले होते, आणि मी घामाघूम. थोड्या वेळानं मामा गोठ्यातून उठून आले आणि चुलीजवळ स्टूल ओढून बसले. कित्येक दिवसांत ते अन्नाच्या जवळ आपणहून आले नव्हते. काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणाले, तुमचं दौंडचं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. निखाऱ्यांकडं बघत राहिले. वन्संशी ठरलेली वाटीची पैज त्यांच्या कानावर गेलीच होती.

“तिला खातो म्हणून सांगू नगं,” ते हळूच म्हणाले. “न्हाई गेलं घशाखाली तर तुझं नाक कापलं जाईल.”

स्वतःच्या पोटाला भोक पडायची वेळ आली होती आणि या माणसाला माझ्या नाकाची काळजी. मी चिमट्यानं निखारे उगाच सारखे केले.

वन्सं दिवस मावळता मावळता एसटीनं आल्या. हातात हायवेच्या बेकरीतला पेस्ट्रीचा खोका. आल्या तशा सरळ परसात आल्या, कारण मामा तिथं बसलेले दिसले. वडिलांच्या पाया पडल्या, त्यांचं मनगट हातात घेऊन अंगठ्यानं चाचपलं, आणि मनगट सोडलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मामा हातपाय धुवायला गेले. मी झाकण उतरवलं. वरून तांबूस रंग सुरेख धरला होता. भांडं जरासं हलवलं, थरथरलं. माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथं राहिला नाही. वन्सं वाकून बघत होत्या. कडेला गुलाबी का दिसतंय, असं त्यांनी विचारलं. निखाऱ्याचा उजेड पडला असेल, असं मी म्हणाले. आम्ही भांडं उचलून स्वयंपाकघरात दिव्याखाली आणलं. खरंच, भांड्याच्या कडेकडेनं फिकट गुलाबी झाक आली होती. केळ्याच्या वेळी तसं काही नव्हतं. वन्संनी फळ कोणतं विचारलं आणि मी सीताफळ म्हणताच त्या मटकन पाटावर बसल्या.

गेल्या वर्षी त्यांनी सीताफळाचा जॅम करायला घेतला होता. शिजवता शिजवता अस्साच गुलाबी झाला आणि इतका कडू की टाकून द्यावा लागला. सीताफळ तापलं की कडू होतं, म्हणून तर बासुंदीत गार झाल्यावर घालतात, तुला एवढंही ठाऊक नाही का, असं त्या म्हणाल्या. मला एवढंही ठाऊक नव्हतं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी तर त्या गराला तासभर वरून निखारे आणि खालून जाळ दिला होता.

“माझ्या बापाला कडू खायला घालणार तू? आजच?” वन्संचा आवाज फाटला. “अगं, आज एक घास नकोसा झाला तर पुन्हा तोंड न्हाई उघडायचे ते.”

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मी फक्त एवढंच म्हणाले की कदाचित नसेलही झालं, चक्का आहे, वेलदोडा आहे, साखर आहे. वास तर गोडच येत होता. वन्संनी फळीवरचा चमचा काढून माझ्या हातात दिला आणि चाखून बघ म्हणाल्या. कडू असेल तर आबांना पेस्ट्री देऊ. पेस्ट्री आधी एकदा देऊन झाली होती. मामांनी ती तोंडात कापसासारखी धरून ठेवली आणि शेवटी रुमालात काढली, हे वन्सं विसरल्या नव्हत्या. पण दुसरं काही सुचत नव्हतं. दुसरं पुडिंग करायचं तर चक्का संपला होता आणि फळही.

मी चमचा कडेला लावला. कडेवरचा एवढासा तुकडा, कुणाला कळलंही नसतं.

“ठेव तो,” आत्या दारात उभ्या होत्या.

किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. वन्सं आईवर खेकसल्या की जीवापेक्षा नियम मोठा आहे का तुझा. मीही मनातून वन्संच्याच बाजूची होते, आणि चमचा अजून माझ्या हातात होता. इतकी वर्षं मी त्या नियमावर दातओठ खाल्ले होते. एकदा तोंडात घालावा आणि व्हायचं ते होऊ दे, असं वाटत होतं.

“होळीपासनं मी एक गोष्ट चुकवली न्हाई,” आत्या म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणून ऐकायला जास्त जड जात होतं. “उपास म्हणू नका, दिवा म्हणू नका. मला दवाखान्यातलं कळत न्हाई. मला एवढंच करता येतं. आज मोडलं, आन् ह्यांना काय झालं, तर मी कुणाला विचारू? कडू असंल तर देव खाईल कडू.”

इतक्या वर्षांत आत्यांना मी रडताना बघितलं नव्हतं, आणि त्या तेव्हाही रडल्या नाहीत. मी चमचा ठेवला. देवाला भिऊन नव्हे. त्या बाईकडं धरायला दुसरं काही नव्हतं आणि तेवढं मला हिसकावून घ्यायचं नव्हतं. वन्सं तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

नैवेद्याचं ताट देवापुढं गेलं. पुरी, भाजी, वरणभात, करंजी आणि मधोमध पुडिंगची वाटी. आत्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि ते लवकर उघडेनात. घंटा वाजवायची राहूनच गेली, ती शेवटी मालकांनी वाजवली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते आनंदात होते. बायको काहीतरी नवीन करतेय आणि वडील आज चुलीपाशी येऊन बसले होते, एवढंच त्यांनी बघितलं होतं.

पहिला प्रसाद घरात मोठ्या माणसाला. मामांना खाली बसवत नसे, म्हणून खुर्ची आणि पुढं स्टूल. मी वाटी भरली. भरून, ठरल्याप्रमाणे. ती मी स्टुलावर ठेवली. वन्सं समोर भिंतीला टेकून उभ्या. आत्या देवघराच्या उंबऱ्यात. मालक पाटावर बसून आमची तोंडं बघत होते. आता त्यांनाही काहीतरी कळायला लागलं होतं.

मामांनी चमचा वाटीला टेकवला आणि थांबले.

“थरथरतंय,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे.

मग त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं. नेहमीसारखं इकडून तिकडं फिरवलं. मी पाण्याचा तांब्या उचलून तयार ठेवला, कारण आता पाणी मागणार आणि ढकलणार. त्यांनी पाणी मागितलं नाही. फिरवायचे थांबले. भुवया जवळ आल्या, कपाळावर आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले. असला चेहरा मी त्यांचा होळीपासून बघितला नव्हता. माती खाताना माणूस तोंड वाकडं करत नाही, माती फक्त गिळतो. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की मी सगळं बुडवलं.

“कडू हाय,” मामा म्हणाले.

वन्संच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं, असं त्या पुटपुटत होत्या. मालक उठून पुढं झाले आणि राहू द्या आबा म्हणत वाटी उचलायला लागले. मामांनी वाटीवर हात ठेवला. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे, वाटी हलेना.

“आरं थांब की,” ते म्हणाले. “कडू लागतंय मला.”

कुणाच्या डोक्यात लवकर उजेड पडला नाही. मालक वाटी धरून तसेच वाकलेले. मामांनी दुसरा चमचा घेतला, जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज केला, जसा पूर्वी पंगतीत करायचे. पुन्हा तोंड कडवट झालं आणि त्या वाकड्या तोंडानंच ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी गालावरच्या टाक्यांच्या खुणेवरून खाली आलं. गोड लागतंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. वेलदोडा? नाही. नुसतं कडू, म्हणाले, पण लागतंय.

आम्ही त्यांना इतके महिने गोडच भरवत होतो. मऊ आणि गोड, आजारी माणसाला देतात तसं. त्यांच्या जिभेवर कडू ठेवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, येणार तरी कसं. मी तिथंच खाली बसले. आणि मग मी रडले. चिडले नाही, रडले, सगळ्यांसमोर, पदरात तोंड घालून. वन्सं येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी भांड्यातलं पुडिंग बोटावर घेऊन चाखलं आणि तोंड असं केलं की मालक खो खो हसले. मग मालकांनी खाल्लं आणि हसणं थांबलं. आत्यांनी प्रसाद म्हणून सगळा घास सरळ चेहऱ्यानं गिळला आणि चांगलं झालंय म्हणाल्या. देवाला दाखवलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हाही त्यांचाच एक नियम.

मामांनी वाटी संपवायला खूप वेळ घेतला. मधे दोनदा पाणी प्यायले, एकदा ठसका लागला, तेव्हा आम्ही सगळेच उठून उभे राहिलो. पण चमचा खाली ठेवला नाही. शेवटी वाटी खरवडली तो आवाज ऐकून वन्सं फोन घेऊन अंगणात गेल्या. सणाचा दिवस, दवाखान्यात लवकर कुणी उचलेना. आम्ही आत बसून ऐकत होतो. मग त्यांचा आवाज आला की पेशंट जेवलाय, परवाचं राहू द्या.

“दौंडचं असं नव्हतं,” मामा मला म्हणाले. मग जरा विचार करून, “उद्या कारलं कर. मीठ लावून पिळू नगं.”

भाऊबीजेला कारलं कुणी करत नाही. मी आत्यांकडं बघितलं. त्या मामांच्या हातातली रिकामी वाटी घेऊन धुवायला गेल्या. आता हे उद्याचं भांडण, असं मी मनात म्हटलं आणि ताटं उचलायला लागले.

सकाळी उठून मी परसात गेले तर आत्या कुंपणावरच्या वेलाखाली उभ्या होत्या. अंघोळ झालेली, केस ओले, ओटीत कारली. अजून देवाचा दिवाही लागला नव्हता. माझ्याकडं पाठ होती त्यांची, मी आल्याचं त्यांना कळलं नाही. त्यांनी एक कारलं मोडलं, तुकडा दाताखाली धरला आणि हळूहळू चावला. मग तो टाकून दुसऱ्या वेलाकडं गेल्या आणि तिथलं मोडलं. माझ्या पायाखाली पाचोळा वाजला तेव्हा त्यांनी मागं बघितलं. तोंड कडवटलेलं, आणि त्या लाजल्या नाहीत.

“ह्या वेलाचं जास्त कडू हाय,” आत्या म्हणाल्या. “ह्याचंच कर.”